फलजच्या पाटात बसवलेलं पातेलं

खाबुरा, शुक्रवार

ती. एकनाथदाजींच्या चरणी रविकांतचा दंडवत.

तुमचा गुडघा आणि ताईचा राग दोन्ही उतरले असतील असं धरून चालतो. आम्ही इथे खुशाल आहोत (सौ. किशोरी माझ्याशी बोलते आहे, यावरून ओळखा). तुम्ही येणार म्हणून घरची बिअर पाजायचं मी फोनवर कबूल केलं होतं. तिचं काय झालं ते कळवतो, बसून वाचा.

मोड आणून वाळवलेल्या जवाचा काढा उकळला, सुंदर उकळला. आता तो झटपट गार व्हायला हवा, रेंगाळला तर आंबूस होतो. व्हिडिओतला गोरा काढ्यात तांब्याची नळी बुडवतो आणि तिच्यातून नळाचं पाणी खुशाल सोडून देतो. आमच्याकडे पाणी टँकरने येतं, त्यामुळे तांब्याभरही वाया जाता कामा नये अशी किशोरीची अट. मी म्हटलं, बादल्यांत धरू, कपडे धुऊ. पण दाजी, इथे आखातात उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी अशी तापते, की घरातला गिझर बंद ठेवून त्यात निवलेलं गार पाणी गरम नळातून घ्यायची रीत आहे. शेंबडं पोरही हे जाणतं. मी घाईत गार नळ सोडला! काढा चटके देतच राहिला, बादल्या भरल्या, टब भरला, आणि मी थर्मामीटरकडे डोळे लावून बसलो असताना पाणी जिन्यावरून फाटकाबाहेर गेलं.

फाटकाबाहेर आमचे घरमालक सुलेमान अर्बाब उभे. घरात बिअर करणं इथे चालत नाही, हे तुम्हाला मागेच सांगायला हवं होतं. नोकरी, व्हिसा, किशोरीची शाळेतली शिक्षिकेची जागा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. यीस्टची पुडी माझ्या खिशात होती. बार्ली का पानी है अर्बाब, गार होत नाही, असं काहीतरी मी बरळलो (खोटं नव्हतं, यीस्ट पडेपर्यंत ते सरबतच). त्यांनी रस्त्यावरचा ओहोळ पाहिला. मग म्हणाले, यल्ला, चल, पातेलं गाडीत घाल.

मागच्या सीटवर किशोरीने झाकण दाबून धरलं आणि आम्ही त्यांच्या खजुराच्या बागेत पोचलो. तिथे फलज आहे. म्हणजे पाटच, पण डोंगराच्या पोटातून, जमिनीखालून, कोसच्या कोस आणलेला. पंप नाही, मोटर नाही, नुसत्या उतारावर शेकडो वर्षं वाहतोय, आणि गावात ज्याची त्याची पाळी ठरलेली. बाहेर अंग भाजत होतं, आणि पाण्यात हात घातला तर खांद्यापर्यंत गार वाटलं. पातेलं पाटात बसवलं. पाणी त्याला वळसा घालून, त्याची ऊब घेऊन, पुढे खजुराच्या आळ्यात गेलं. वाया काही गेलंच नाही. पंपांवर पोट भरणारा मी इंजिनियर, पण उतार कुठे आहे ते वाकून बघत बसलो. किशोरीने पाण्याला हात जोडले, मीही जोडले. काढा बघता बघता गार झाला. यीस्ट घालायची हीच वेळ होती. पण त्या पाण्याशेजारी, त्या माणसासमोर, पुडी काढायला माझा हात धजावला नाही.

अर्बाबांनी पेलाभर चाखला. जरा कडवट म्हणून मध घातला. मग भाऊ आले, मुलगे आले, माशाल्ला माशाल्ला म्हणत पातेलं खलास. तुमच्या बिअरचं हे असं झालं.

ताईला नमस्कार.

आपला,
रविकांत

ता. क. येताना विमानतळावरच्या ड्यूटी-फ्रीमधून दोन बाटल्या घेऊन या. ताईला हे पत्र दाखवू नका.

ता. क. दुसरा : वरचा ता. क. किशोरीने वाचला. बाटल्या आणू नका. मोड आणून वाळवलेले जव आणा, बॅगेत मावतील तेवढे. अर्बाबांच्या मुलीचं लग्न आहे, सरबत आपल्याकडून आहे, आणि पातेलं ढवळायला मी तुमचं नाव दिलं आहे.