दोन दारांची खोली

४ मार्च, सोमवार

पाट्या रंगवून कंटाळले होते. आता कुटुंब न्यायालयात काम मिळालंय – मुलांच्या भेटीची नवी खोली, भिंतींवर प्राणी काढायचे. खोलीला दोन दारं. एकातून आई मूल सोडून जाणार, दुसऱ्यातून वडील येणार. दोघांची गाठच नको, म्हणजे पोरांसमोर तमाशा नको. समुपदेशक बाई फार खुशीत. "या दुसऱ्या दारासाठी किती डोकं फोडलंय मी!"

आमच्या वेळी कुठलं काय. जिन्याखालचा बाक. एका टोकाला आई, एका टोकाला बाबा, मधे मी. "पोरीला माझ्याविरुद्ध भडकवतेस." "आधी आवाज खाली कर." मग शिपाई हाकलायचा.

जिराफाचे कान चुकले. गाढव दिसतंय.

९ मार्च, शनिवार

रंग अर्धाच झालाय तरी खोली सुरू. पहिली आली दोन वेण्यांची एक चिमुरडी. वडील गुडघ्यांवर बसले, खेळणी मांडली, आवाज काढून दाखवले. महाराणी गप्प! नुसती दारांकडे बघत बसली. एवढं आयतं मिळतंय, तर हिचे नखरे. माझे बाबा कधी बसले गुडघ्यांवर? पुढे तर यायचेच बंद झाले.

१० मार्च

कान जमले. तिचं डोक्यातून जात नाही. एवढी घोडी झाले आणि एका चिमुरडीवर जळते.

१६ मार्च, शनिवार

आजही तोंड शिवलेलं. जाताना वडिलांनी बाहीला डोळे पुसले. बाई म्हणाल्या, "आईचं म्हणणं, पोर बापाला घाबरते. आता पुढच्या शनिवारीही अशीच राहिली तर भेटी थांबतील."

घाबरते कसली! द्या तो बाप मला.

२३ मार्च, शनिवार

वडील यायच्या आधी ती माझ्या शिडीखाली आली.

"रंगवाली ताई, बाई म्हणाल्या, तूपण लहानपणी कोर्टात यायचीस. खरं?"

"यायचे. पण असली खोली नव्हती गं. बाक होता. आई-बाबा भांडत बसायचे."

"एकाच बाकावर?"

"हो."

"म्हणजे दोघं एकदम दिसायचे तुला?" मग हळूच म्हणाली, "मी दारांवर लक्ष ठेवते. एकदा तरी दोन्ही एकदम उघडतील ना?"

माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मी ओळखते. माझीच आहे.

ब्रश डब्यात टाकला आणि बाईंना गाठायला धावले.