सागवानी मोजफळी

३ नोव्हेंबर, सकाळी ७
आजपासून मी बंदरावरचा मासळी-मोजणी वॉलंटियर. चौदा सेंटिमीटरपेक्षा लहान बांगडा पकडायचा नाही असा नियम आहे आणि तो कोणीही पाळत नाही, याची मला न मोजताच खात्री आहे. ट्रेनिंगमध्ये मत्स्य खात्याच्या मॅडमनी प्रत्येकाला एक प्लॅस्टिकची मोजफळी दिली. नुसतं खेळणं. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या माणसाच्या हातात हे? बायकोला भाजी चिरायला देऊन टाकली.

४ नोव्हेंबर
स्वतः सागवानी फळी बनवली. एका टोकाला आडवी पट्टी. तिला माशाचं तोंड टेकवायचं आणि शेपटीपाशी टेपवरचा आकडा वाचायचा. मॅडमच्या फळीवर शून्य अगदी पट्टीला चिकटून आहे. म्हणजे पहिल्याच दिवशी रक्ताने ते दिसेनासं होणार. ऑफिसात बसून ही अक्कल येत नाही. मी टेप पट्टीपासून तीन सेंटिमीटर पुढे ठोकली. शून्य कायम स्वच्छ.

७ नोव्हेंबर, सकाळी ६.२०
पहिली मोजणी. तीन बोटी, साठ मासे. त्यातले चौपन्न लहान. तळपायाची आग मस्तकात गेली. उद्याच्या पिढीने काय खायचं, वाळू? लिलाववाली म्हणाली, मास्तर, मासे चांगले मोठे दिसतायत की. मी सांगितलं, डोळ्यांना पृथ्वीपण सपाट दिसते. पाठ वळल्यावर हसण्याचा आवाज आला, पण तो दुसऱ्या कशावरून असावा.

९ नोव्हेंबर
आज बायकोच्या धाकट्या भावाची बोट लागली. वीसपैकी एकोणीस लहान. म्हणे, भावोजी, माझ्या जाळ्याची भोकं मोठी आहेत, लहान मासा त्यातून निसटूनच जातो. मी म्हटलं, जाळं खोटं बोलेल, टेप बोलणार नाही. माझाच मेहुणा, माझ्याच तोंडावर. घरचा म्हणून सोडला तर बाकीच्यांना काय तोंड दाखवू? पहिला रिपोर्ट त्याच्याच बोटीचा पाठवला. फोटोंसकट.

११ नोव्हेंबर, दुपार
भावाने दिलेला बांगडा साफ करताना बायकोने मला हाक मारली. चिरायच्या फळीवर म्हणे सोळा भरतोय. तिला समजावलं की ती फळी रोज गरम पाण्याने धुते, प्लॅस्टिक आक्रसतं, म्हणून आकडा जास्त येतो. तिने बांगडा पुन्हा फळीवर ठेवून मोजला. विज्ञान पचायला वेळ लागतो.

१३ नोव्हेंबर
जेट्टीच्या फेऱ्यांनी चपला झिजल्या. फोनवरून नव्या मागवल्या. पावलाची लांबी विचारतात. सागवानी फळी हाताशी होतीच. तेवीस. जुन्या चपला लगेच कचऱ्यात टाकल्या. निर्णय घेतला की घेतला. तोवर बाथरूमच्या रबरी सपाता आहेत.

१५ नोव्हेंबर
रिपोर्टचा परिणाम झाला. मेहुण्याची बोट आठ दिवस जेट्टीला बांधून ठेवायचा हुकूम. नेमका आत्ताच बांगड्याचा मोठा थवा किनाऱ्याजवळ आलाय, असं तो म्हणतो. आला असेल. थवा बघून नियम वाकवायचे का? त्याचे पाच खलाशी दुसऱ्या बोटींवर काम मागत फिरताहेत. वर्षाच्या कमाईचे हेच दिवस असतात, असं बायको म्हणाली आणि त्यानंतर काहीच म्हणाली नाही. ताट मात्र आपटून ठेवते.
संकल्प: चिडायचं नाही.

१६ नोव्हेंबर
चिडलो.

१८ नोव्हेंबर
चपला आल्या. टाच दोन बोटं बाहेर लोंबते. कंपनीला दीड पानी पत्र लिहिलं. माप चोरून चामडं वाचवता का? लाज वाटत नाही? या देशात सरळ मोजणारा माणूस मी एकटाच उरलो आहे. रबरी सपातेचा अंगठाही आजच तुटला.

२० नोव्हेंबर
मेहुण्याने फेरमोजणीचा अर्ज केला होता. मॅडम आल्या, अख्खी जेट्टी जमली. माझ्या फळीवर बांगडा तेरा भरला, त्यांच्या फळीवर सोळा. मी हसून गरम पाण्याचं सांगितलं. त्यांनी स्टीलची पट्टी काढली. सोळा. मग माझ्या फळीवर वाकून विचारलं, हे शून्य इथे का? मी समजावू लागलो की रक्ताने ते बुजतं, म्हणून तीन सेंटिमीटर पुढे... वाक्य संपायच्या आतच मनात वजाबाकी झाली: सोळातून तीन गेले, तेरा. लिलाववालीने विचारलं, मास्तर, पृथ्वी अजून गोल आहे ना? सगळे हसले.
मेहुणा हसला नाही. बोटीची दोरी सोडायला गेला. मॅडमनी त्याला मोकळं केलं, पण थवा परवाच पुढे निघून गेलाय. तो मला दोन शब्द बोलला असता तर मीही काहीतरी बोललो असतो.

२१ नोव्हेंबर, सकाळी १०
मोजणी बंद. टेप उपटून काढली. इतके दिवस दुसऱ्यांवर काढलेला राग आज कोणावर काढावा ते कळत नाही. घरात मी एकटाच सापडलो.
चपलांच्या कंपनीला माफीचं पत्र लिहायला बसलो. पंधरा तारखेनंतर बायको आज पहिल्यांदा बोलली. म्हणाली, आधी माझ्या भावाला लिहा. दोन तास बसलो. एकच ओळ झाली: तुझी मासळी पुरेशी मोठी होती. तिने वाचलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाली, हे तोंडाने सांगायचं, चला.
निघालो आहे. अनवाणी. चपलांचं विचारलं तर तेही सांगावं लागेल.