भिंतीपलीकडचा होकार

हिसाएताईस, नोबुएचा नमस्कार.

शिओमीला नीट पोहोचले. समुद्र शांत आहे, मासळी ताजी आहे, दोन्ही वेळा जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

हे गेल्यानंतर इथे पहिल्यांदाच आले. गरम झऱ्याचं न्हाणीघर तसंच आहे, जुनं, लाकडी. काल अंग शेकून उठताना मधल्या भिंतीवरून पुरुषांच्या बाजूला सवयीने हाक गेली, "अहो, मी निघते हं."

पलीकडून कोणी म्हातारा म्हणाला, "हो, आलोच."

बाहेर तो बिचारा कुडकुडत उभा होता. बायको मागाहून आली नि म्हणाली, "मी कुठे हाक मारली? कान वाजतात तुमचे." खडावा वाजवत, भांडत दोघं घरी गेली.

मी उगाच केस वाळेपर्यंत दाराशी थांबले.

भावोजींवर फार ओरडू नकोस.

तुझी,
नोबुए