भरल्या गाडीचं माप

दादा, काल नातीने तिची मोटार नांदेडच्या एका गॅरेजातून मागची बाजू उंच करून आणली. बुटकी, दोन दारांची, नुसती पळायला केलेली गाडी. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासायचं. मी विचारलं, "माप गाडीत वजन भरून घेतलं का रिकामीच?" तर म्हणते, "आजी, तिथं मशीन असतंय." मी म्हणलं, "मशीन तुझ्या शेजारी बसून येणार हाय का?" ती हसली. मला काही हसू आलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. तिसरीत शाळा सुटलेली तुमची लेक मी, एवढं लांब कधी लिहिलं नाही. पण हे तोंडाने कुणाला सांगता येईना, म्हणून वहीत लिहून राहिले.

लातूर वेगळा जिल्हा झाला ते वरीस. पाऊस नव्हता, नळाला नुसती हवा यायची, टँकर दोन-दोन दिवस फिरकत नव्हता. मी पहिली पोरगी घेऊन माहेरी आलेली. गॅरेजाच्या मागच्याच दोन खोल्यांत आपलं घर, त्यामुळे तुमचा घण दिवसभर उशाशी. ट्रक, जीप, ट्रॉली, सगळ्यांचे स्प्रिंगचे पाटे तुमच्याकडे यायचे. पाटा भट्टीत लाल करायचा, ठोकून वाक द्यायचा. वाक वाढवला की गाडी उचलायची, कमी केला की बसायची. अशात तो ठेकेदार आपली लाल स्पोर्टगाडी घेऊन आला. नव्या जिल्ह्याची मिरवणूक निघणार होती आणि त्याला कुणा पाहुण्याला शेजारी बसवून मिरवायचं होतं. "उस्ताद, मागून तीन बोटं वर घ्या. रस्त्यावर बूड आपटतंय." तुमची रीत लातुरात सगळ्यांना ठाऊक होती. रिकामी गाडी खोटं बोलती, म्हणायचे तुम्ही. माणसांच्या वजनाची वाळू सीटवर ठेवल्याशिवाय माप घ्यायचे नाहीत. पण त्याच्या सीटा चामड्याच्या. वाळूने खरवडतील म्हणून त्याने स्वतःच्या विहिरीचं पाणी भरून तेलाचे आठ डबे धाडले. चार उजव्या सीटवर, चार डाव्या. आख्खी गल्ली तहानलेली, आणि पाणी गाडीत बसलेलं.

त्या पाण्याला कुणी हात लावायचा नाही, असं तुम्ही आईला दोनदा बजावलं. गावात आपल्याला विहिरीवर चढू देत नव्हते, ते तुम्ही लहानपणी भोगलेलं. म्हणून तुमचा कायदा होता: मागून मिळालं तर प्यायचं, न विचारता घोटही न्हाई. आपल्या माणसाला पाण्याचा चोर म्हणायची संधी कुणाला द्यायची न्हाई.

दुपार आहे. पाटे बसवून झालेत, ते वजनाखाली नीट बसावेत म्हणून तुम्ही गाडी तशीच सोडून बोल्ट आणायला गेलात. आई टँकरच्या आशेने चौकात उभी. पोरीला तीन दिवसांचे जुलाब, डोळे आत गेलेले, सकाळपासून तिचं रडणंही थांबलंय. घागर उपडी केली तर वाटीभरही निघालं नाही. मी डाव्या सीटवरचे दोन डबे उघडले, पाणी घागरीत ओतलं, झाकणं लावली, डबे होते तिथे ठेवले. तुम्ही येईस्तोवर पाणी उकळून, मीठसाखर घालून चमच्याने पाजायला बसले होते. तुम्ही चाकाच्या मध्यापासून मडगार्डापर्यंत वीत लावली. डावी बाजू बोटभर वर. पुन्हा लावली. "माझंच चुकलं," असं पुटपुटून तुम्ही डावा पाटा सोडवला आणि वाक कमी केला. मी बघत होते. पोरगी गिळत होती. मी चमचा थांबवला नाही आणि तोंडही उघडलं नाही.

संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस गाडी न्यायला आला तेव्हा म्हणाला, "पानी रहने दो चाचा, वापस कहाँ ले जाऊं." डबे मीच उतरवून घेतले, म्हणून दोन रिकामे आहेत ते कुणाला कळलं नाही.

मिरवणुकीत पाहुणा डावीकडे बसला आणि गाडी त्याच्याच अंगाने कलली. टायर मडगार्डाला घासून धूर निघाला. "गाडीला लकवा मारला बे," म्हणत लोक हसत होते. दुसऱ्या दिवशी ठेकेदार दारात. "अख्खं लातूर हसलं पाहुण्याला. म्हातारा झालास तू, हात गेला तुझा." तुम्ही गाडी खोलून नीट करून दिली. मग जेवायला बसलात आणि आईपुढे पंजा धरला. "मी मापलं तवा बराबर होतं. आता ह्या बोटालाच कळंना झालंय बघ." त्यानंतर तुम्ही मोटारीचं काम घेतलं नाही. नुसत्या ट्रॉल्या. कुणी जीप आणली तर दुसऱ्याकडे धाडायचे, "माझ्याकडं नको, फसशील."

दोन वर्षांनी तुम्ही खाटेला लागलात. मी पाय चेपत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं आणि तुम्ही चांगले शुद्धीत होता. म्हणालात, "त्या लाल गाडीपासून माझा हात गेला, बाई." आणि मी म्हणाले, "गेला आसंल. वय झालं की."

ती पोरगी आता किनवटला आश्रमशाळेत शिकवते, केस पिकलेत तिचे. कालची गाडीवाली तिचीच लेक. पाणी काढलं त्याचं मला आजही काही वाटत नाही. तीच दुपार पुन्हा आली तर चारी डबे रिकामे करीन. "वय झालं" म्हणाले, ते मात्र नरड्यात अडकून हाय. भिऊन गप्प बसले, असं इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले. पण खाटेवरच्या माणसाला काय भ्यायचं. तुम्ही माझ्या हातून पाणी पीत होता, दादा, आणि मला तुमच्या नजरेत चोर व्हायचं नव्हतं.