आकडे टाकलेली नऊ झाडं

रवि., २३ नोव्हें. ८६

आज अकरा जण. सोमबाईने कंपाउंडरला तीन फेकींनी हरवलं. हरल्यावर वासुदेव कंपाउंडर म्हणतो, "तबकडी वल्ली होती." तबकडी तीच, दव तेच, पण ओली फक्त याच्या हातात. याला हरतासुद्धा नीट येत नाही.

दीड वर्ष झालं या नादाला. कारखान्यात यंत्र बसवायला आलेला गोरा जाताना सात तबकड्या आणि नियमांचा टाइप केलेला कागद माझ्या गळ्यात मारून गेला, मी पी.टी. शिकवतो म्हणून. नियम एवढेच: दगडापासून फेक, पडेल तिथून पुन्हा फेक, ठरल्या झाडाला लागेपर्यंत. अशी नऊ झाडं. सगळ्यांत कमी फेकींत करेल तो जिंकला. जाळी नको, बूट नकोत, पंच नको. वाटलं होतं, सगळं गाव खेळेल. कारखान्याच्या कॉलनीत पहिल्याच आठवड्यात एका साहेबाच्या गुलाबाची फांदी मोडली आणि मैदान बंद. म्हणून इथे, डोंगराच्या पायथ्याशी, सोमबाईच्या बारा घरांच्या गोंड गुड्याजवळ. सायकलने तासभर.

कॉलनीतल्यांना बोलावलं तर म्हणतात, "जंगली लोकांसोबत काय खेळायचं?" शिसारी आली. यांच्या पार्टीत बाटली येते ती याच जंगलातल्या मोहाची.

शनि., २९ नोव्हें.

दर रविवारी तेच भांडण. ऐनाचं कोणतं झाड चौथं आणि कोणतं पाचवं. कंपाउंडर सोयीचं झाड धरतो, सोमबाईचा नवरा जंगू गप्प बसतो, मग दोघं तासभर तोंड फिरवून. आज सकाळची शाळा सुटल्यावर तिथला पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन गेलो आणि झाडांवर १ ते ९ टाकून मोकळा झालो. चांगले वीतभर आकडे. जंगूने डबा धरला.

सातवं झाड म्हणून सोमबाईने स्वतःहून तिचा मोहा दिला. तिचा म्हणजे तिचाच. सासूने दिलेला. त्याखालची फुलं दुसरं कोणी वेचत नाही, गुड्यात प्रत्येक मोहाचं असं ठरलेलं आहे. मी म्हटलं, "चालेल ना, बाई?" तर म्हणाली, "थाली लागल्यानं का होते झाडाले. उलट म्या रोज निशाना लावीन."

निघताना जंगू म्हणाला, "मास्तर, जंगलच्या नाकेदाराले इचारलं हाये का?"

"रंग आहे जंगूभाऊ, कुऱ्हाड नाही," मी म्हटलं. तो हसला. उरलेला रंग पुढच्या वेळेसाठी त्याच्याच घरी ठेवला.

रवि., १४ डिसें.

एकोणीस जण! पलीकडच्या गुड्यातून चार बाया आल्या. आकड्यांनी भांडणच मिटलं. सोमबाई त्यांना मनगट कसं वळवायचं ते शिकवत होती, माझ्यापेक्षा बरं. मी सर्वांना सांगितलं, आता तुम्ही नुसते खेळणारे नाही, खेळाडू आहात. शब्द तिला आवडला. दोनदा म्हणून पाहिला.

आनंदाच्या दिवशी नेमकी घाण व्हायची तशी झाली. कारखान्याचा कल्याण अधिकारी जीपमधून उतरला. (यापुढे क.अ., पूर्ण पदवी लिहायला शाई जाते.) शाळा समितीतही हाच. जंगूने लोट्यातून पाणी दिलं तर म्हणाला, "आत्ताच चहा झाला." मग रुमालाने हात पुसले, ज्या हातांनी काहीच धरलं नव्हतं. "व्हेरी नाइस. स्पर्धा घेऊ. मोठ्या साहेबांच्या हस्ते." स्पर्धा मलाही पाहिजे, म्हणून हसलो. माझं ते हसू मला आवडलं नाही.

रवि., ११ जाने. ८७

नऊच्या नऊ तोडली.

ओढ्याच्या पलीकडे जंगलखात्याने यंदा तोडीला काढलेला जंगलाचा तुकडा, कूप, आहे. ठेकेदाराने बाहेरून टोळी आणली. त्यांना ओढ्याच्या अलीकडे पांढरे आकडे दिसले, ते ओढा ओलांडून आले आणि आडवं करून गेले. आजूबाजूचं एक झाड हललं नाही. १ सागवान, २ सागवान, ३ धावडा, ओळीने. फांद्या छाटून ढीगसुद्धा लावून ठेवलेत. एवढं नीट काम मी आयुष्यात पाहिलं नाही.

मुकादम विडी ओढत बसला होता. "नंबर था, काट दिया." तोडीच्या झाडावर आकड्याखाली खात्याच्या हातोड्याचा शिक्का असतो, तो पाहायचा असतो. म्हटलं, शिक्का पाहिला का? "नंबर तो था ना, गुरुजी."

या जिल्ह्यात झाडावर आकडा म्हणजे झाड गेलं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझा बाप उमेदीत कूपात कुऱ्हाड चालवायचा. संध्याकाळी घरी येऊन सांगायचा, आज अमुक नंबर पाडला. त्याने मला शिकवून मास्तर केलं आणि मी गोऱ्याच्या कागदात एवढा बुडालो, की बापाचं एक वाक्य आठवलं नाही. थू.

मोहा ओढ्याकडे तोंड करून पडलाय. बुंध्यावर ७ तसाच. सोमबाई रडत नव्हती. फांदीवरच्या कळ्या चाचपत होती, वाळतील की धरतील ते बघत असावी. जंगू मला म्हणाला, "चला मास्तर, पानी प्या." मी पाणी प्यायलो.

मंगळ., १३ जाने.

नाकेदार चौकशीला आला, क.अ.ची जीप घेऊन. ठेकेदाराने हात वर केलेत: खोटे आकडे टाकून फसवलं, आमचा दोष नाही. झडती घेतली, जंगूच्या घरी रंगाचा डबा सापडला. नाकेदाराचा चेहरा असा खुलला, जणू वाघच सापडला.

माझं बयान शाळेत, हेडमास्तरांच्या खोलीत. समोर क.अ. पान खात.

"आकडे कोणी टाकले?"

मी म्हटलं, "खेळाडूंनी."

बस. एवढंच. खोटंही नाही, खरंही नाही. नाकेदाराने लिहिलं, मी सही केली. मग केसच्या कागदावर आरोपी म्हणून त्याने जंगूचं नाव लिहिलं. बाहेर येताना क.अ.ने पाठीवर थाप मारली, "समजदार आहात." ती थाप अजून पाठीवर चिकटून आहे. घरी येऊन शर्ट धुवायला टाकला.

बुध., १४ जाने.

संक्रांत. बायकोने, विमलने तिळगूळ दिला, तो तसाच ताटलीत ठेवला. सगळं सांगितलं तिला. ती तीळ निवडत होती. मग, "नोकरी जाईन म्हून तुमी तसं म्हटलं, समजते मले. पन जंगूभाऊचं नाव त्याईनं लिवलं तवा तुमी तिथीच होते नं?"

होतो.

रवि., २५ जाने.

गुड्यातून कोणी आलं नाही. फक्त मी आणि कंपाउंडर. तो म्हणाला, आलोच आहो तं खेळू. आणि आम्ही, दोन शिकलेली माणसं, बुडख्यांना तबकड्या मारत बसलो. सहाव्यापर्यंत. सातव्याला मी फेकलीच नाही. कंपाउंडरने फेकली, लागली, आणि तो ओरडला, "एका फेकीत!" मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. सायकल काढली.

गुरु., ५ फेब्रु.

खेळ वाढतो आहे. अभिनंदन.

क.अ.ने कारखान्याच्या वर्कशॉपमधून साखळ्या लावलेले नऊ लोखंडी खांब करून कॉलनीत रोवले. त्याच मैदानात, गुलाबाच्या शेजारी. क्लब झाला. सभासदांच्या यादीत साहेब, साहेबांच्या बायका, अकाउंट्सचे चार जण. मी सचिव. बोर्डावर माझं नाव रंगवलंय. पांढऱ्या रंगात.

गुड्यातल्यांचं विचारलं. क.अ. म्हणे, "त्यांच्यावर केस आहे. सध्या नको."

संध्याकाळी एका ढेरपोट्या साहेबाचं मनगट धरून शिकवत होतो. हात घामट. दीड वर्ष मी याच दिवसाची वाट पाहिली, हे आठवून त्याचं मनगट सोडलं.

रवि., २२ फेब्रु.

क्लबला दांडी. गुड्यात गेलो. मोह गळायला पंधरा-वीस दिवस. सगळे आपापल्या झाडाखालचा पाचोळा झाडून जाळत होते, फुलं स्वच्छ जमिनीवर पडावीत म्हणून. जिकडे तिकडे धूर. सोमबाई झाडू घेऊन घरापुढचं अंगणच झाडत होती. तेच तेच. शेजारणीने आपल्या मोहाची एक बाजू देऊ केली होती, ती नको म्हणाली.

जंगूला जंगलखात्याच्या रेंज ऑफिसच्या तारखा सुरू आहेत. जायचा दिवस बुडतो, यायचा बुडतो.

सोमबाईने खोपटातून कागद आणला. खात्याची नोटीस, सोबत बयानाची नक्कल. "मास्तर, वाचून दाखवा. याले तिथी कोनी सांगत नाई."

वाचलं. दुसरं करणार काय? झाडांचे प्रकार, घेर, डब्याचा पंचनामा. मग माझं नाव आणि खाली: आकडे खेळाडूंनी टाकले.

ती म्हणाली, "खेळाडू म्हंजे आमी?"

मी कागदाची घडी घातली.

"तुमी नाई का खेळाडू, मास्तर?"

रागाने नाही विचारलं. खरंच विचारलं. मला स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती. तिथेच सांगितलं, मी बदलून देतो बयान. जंगू म्हणाला, "पाहा, तुमाले जमन तसं."

गुरु., २६ फेब्रु.

दिलं. रेंज ऑफिसात अर्ज: "नऊही आकडे मी माझ्या हाताने टाकले. जंगूने फक्त डबा धरला. रंग शाळेचा होता." बाबू कागद चिमटीत धरून म्हणाला, "याची काही गरज होती का?" आवक नंबर घेतल्याशिवाय हललो नाही. सोमवारी, २ तारखेला, रेंजर साहेबांसमोर हजर राहून हेच तोंडी सांगायचं. मगच अर्ज धरतील.

परत येताना सायकल हलकी वाटली. तेवढंच.

शनि., २८ फेब्रु.

बातमी पोचलीच. क.अ.ने घरी बोलावलं, सोफ्यावर बसवलं. पहिल्यांदाच.

"अर्ज मागे घ्या. जंगू कबूल करेल, दंड होईल, कारखाना भरेल. केस संपली. गडचांदूरलाच काय, बल्लारपूरला, चंद्रपूरला क्लब काढू. तुम्हीच काढा. नाहीतर शाळेच्या रंगाची चोरी, जंगलाचा गुन्हा, समितीला तुम्हाला ठेवता येणार नाही. आणि खेळ? तुम्ही गेल्यावर कोण शिकवेल?"

माणूस नीच आहे, पण मूर्ख नाही. मला नेमकं कुठे दाबायचं ते त्याला कळतं. मला नोकरीपेक्षा खेळाचं ऐकून जास्त लागलं. लाज वाटते, पण तसंच आहे. शिवाय जंगूच्या तारखा संपतील. सगळ्यांचंच भलं. किती गुळगुळीत गोष्ट. घरी येऊन चूळ भरली.

रवि., १ मार्च

सकाळी स्पर्धा. मोठ्या साहेबांनी पहिली तबकडी फेकली, ती मांडवावर जाऊन पडली, टाळ्या. ढेरपोट्या पहिला आला. कंपाउंडर दुसरा, हार घालून फोटोत. भाषणात क.अ. म्हणाला, या मागास भागात आम्ही हा खेळ रुजवला. आम्ही! मी सचिव म्हणून आभार मानले. हो, मानले.

तिथून तडक गुड्यात. दुपार टळलेली. दोघं घरापुढे बसलेली. क.अ.चा देकार जसाच्या तसा सांगितला, माझ्या नोकरीसकट, क्लबासकट. लपवलं नाही काही. जंगू विचार करत होता. दमलाय तो. म्हणाला, "तारखा तं सुटन."

सोमबाईने मला विचारलं, "मंग कागदावर का लिवतीन?"

"जंगूने कबूल केलं असं."

"म्हंजे सातव्या नंबराचं बी."

"हो."

"आमच्याच मोहाले आमीच तोडाले लावलं असं." ती जंगूकडे वळून गोंडीत काहीतरी बोलली, थोडकंच. जंगूने मान खाली घातली. मग मला म्हणाली, "दंड कोनी बी भरो. माह्या सासूच्या झाडाचं असं नाई लिवू देत मी. उद्या मी बी येतो तुमच्या संग. तुमी सांगा, मी आयकतो."

मी म्हटलं, सकाळची गाडी फाट्यावरून सातला. म्हणाली, "सहालेच येतो."

पाच वाजता घरी आलो. विमलने विचारलं, काय ठरलं? मी म्हटलं, बघू. तिने पुढे विचारलं नाही, स्वयंपाकाला लागली. उद्या रेंजर साहेबांसमोर मी सगळं सांगणार, एवढं एक वाक्य लिहून टाकावं म्हणून वही उघडली होती. दोन पानं भरली. ते वाक्य अजून लिहिलेलं नाही.