रेवाताईच्या घेवड्याचं पातेलं

हंटिंग्टन, वेस्ट व्हर्जिनिया
१८ फेब्रुवारी २०१९

ती. रेवाताईस,
वेंडेलचा सा. न. वि. वि.

पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी चष्मा पुसला असशील. होय, मीच. इथे पहिले नव्वद दिवस फोन कपाटात कुलूपबंद असतो, आणि तुझ्या दरीत तसाही तो लागत नाही. तेव्हा एक्केचाळिसाव्या वर्षी मी बहिणीला पहिलं पत्र लिहितोय.

व्यसनातून उठणाऱ्या आम्हा आठ जणांचं हे घर आहे. पाच आठवडे झाले. खाणीचं छत पाठीवर बसलं त्याला सहा वर्षं झाली. त्यातली पाच दुखण्याच्या गोळ्यांनी आणि नंतर हेरॉइनसारख्या त्यांच्या थोरल्या भावंडांनी खाल्ली, ते तुला काय सांगायचं. इथे आलो तेव्हा पँट दोरीने बांधली होती. आता पट्टा चालतो, पण त्याला नवीन भोक पाडावं लागलं.

गंमत सांगतो. इथे सगळ्यांना गोडाचं वेड लागलंय. माझ्या खोलीतला ओटिस पूर्वी ट्रक चालवायचा. दाढीवाला, सहा फुटी माणूस उशीखाली चॉकलेटं लपवतो. दर मंगळवारी आहार शिकवायला फिलिसबाई येतात. त्या म्हणतात की हे असं होतंच. त्या विषाची जागा शरीर साखरेने भरू बघतं, ती चढते तशी उतरते, आणि उतरली की माणूस चिडतो आणि नको ते आठवतो. म्हणून दिवसातून तीनदा घड्याळ बघून जेवायचं. अंडी, कडधान्य, पालेभाजी, ओट्स. पाणी भरपूर, कारण या औषधांनी पोट जे गच्च होतं त्याची चर्चा बहिणीशी करायची नाही.

पण आम्ही आळीपाळीने रांधतो आणि आठही जण सारखेच वाईट रांधतो. काल ओटिसने पास्ता केला, तो चमच्याने कापावा लागला. पाच मार्चच्या मंगळवारी माझी पाळी. सत्तावीस वर्षं तू शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांना जेवायला घातलंस, आठ बाप्यांचं काही सांग. आईचा पिंटो घेवडा कसा करायचा?

माझी लेक आयव्ही कशी आहे? माझं नाव काढते का, हे विचारत नाही. नुसती कशी आहे एवढंच.

तुझा लोभ मी बराच खर्चून टाकलाय, उरला असेल तेवढा राहू दे.
तुझा,
वेंडेल


लॉरेल फोर्क
२५ फेब्रुवारी

चि. वेंडेल यास,
रेवाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चष्मा पुसला नाही, पण दोनदा वाचलं. तुझं शुद्धलेखन बघून शाळेतल्या मास्तरीणबाईंची आठवण झाली, बिचाऱ्या लवकर का निवृत्त झाल्या ते कळलं.

आता नीट वाच. घेवडा आदल्या संध्याकाळी भिजत घाल, त्याआधी खडे निवड. सकाळी ते पाणी फेकून दे, त्याने पोटाचा गोंधळ कमी होतो. डुकराच्या पायाचं एक हाड, एक अख्खा कांदा आणि भरपूर पाणी घालून मंद आचेवर तीन तास ठेव. मीठ शेवटी. घाईने आच वाढवशील, मला माहीत आहे. वाढवू नकोस. सोबत मक्याच्या पिठाचा कॉर्नब्रेड कर, लोखंडी तव्यात चरबी आधी चांगली तापू दे. आणि त्यात साखर घातलीस तर या घराचं नाव सांगू नकोस. वरून कच्चा कांदा, बाजूला मोहरीचा पाला शिजवून. तुझ्या फिलिसबाईंना काय हवं ते सगळं त्यात आलं.

आयव्ही बरी आहे. तीन इंचांनी वाढली, शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते आणि सरावाला माझ्या कोंबड्या घाबरतात. तुझं पत्र टेबलावर ठेवलं होतं. तिने हात लावला नाही, पण त्याच्यावर ताटलीही ठेवली नाही. एवढ्यावर सध्या भागव.

एक बोलते, राग मानू नकोस. चर्चमध्ये बायका म्हणत होत्या की तुम्हाला रोज सकाळी जिभेखाली एक औषध देतात, आणि तेही त्याच घराण्यातलं. मग एक सुटलं आणि दुसरं धरलं, असंच ना? आपल्या स्टिडम लोकांचं रक्त अन्नाने सुधारतं. पोटभर खा, अंगात जोर आला की ते औषध सोडून दे. माणूस आपल्या पायावर उभा राहिलेला बरा.

रोज केस विंचर. आशीर्वाद आहेतच, ते वेगळे मागायला नकोत.
ताई


हंटिंग्टन
१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आच वाढवली. पातेल्याचं बूड काळं झालं. पण वरचा घेवडा इतका चांगला होता की ओटिसने तीनदा घेतला आणि शेवटी पातेलं खरवडायला बसला. भिजवलेलं पाणी फेकायचं मी विसरलो होतो. संध्याकाळच्या बैठकीत सगळे मन मोकळं करायला बसले आणि वेगळंच काहीतरी मोकळं झालं. फिलिसबाईंनी खिडक्या उघडल्या आणि म्हणाल्या की सात आठवडे त्या आम्हाला पोट साफ ठेवण्याबद्दल सांगत होत्या, कुणीतरी ऐकलं एकदाचं.

आता पाळी वगैरे संपली, मला कायमचा आचारी केलंय. सकाळी ओट्समध्ये अक्रोड आणि सफरचंद घालतो. ओटिसची चॉकलेटं संपत आली, कारण भूक लागण्याआधीच मी त्याला उकडलेलं अंडं देतो. माझं वजन नऊ पौंड वाढलं. पाठ अजून दुखते, पण जेवून झाल्यावर कमी दुखते, हे शास्त्रात बसतं का ते विचारायला हवं. झोप येते ताई. खरी झोप.

तुझं औषधाबद्दलचं म्हणणं डोक्यात घोळतंय. इतकं बरं वाटत असताना ते कशाला, असं मलाही वाटायला लागलंय. बघतो.

कॉर्नब्रेडमध्ये साखर कुणी घातली ते मी सांगणार नाही. तो दाढीवाला आहे.

तुझा,
वेंडेल


लॉरेल फोर्क
२ एप्रिल

चि. वेंडेल यास,
अनेक आशीर्वाद.

रॅम्प आले! ओढ्याच्या वरच्या अंगाला यंदा रानलसणाचं हिरवंगार रान माजलंय. रविवारी आयव्ही आणि मी दोन पिशव्या खणल्या. एक पिशवी तुला पाठवतेय. पोस्टातल्या बाईंनी खोकं हुंगलं आणि विचारलं की यात कोण मेलंय. ते खोकं इतर टपालाच्या बाजूला ठेवणार नाही, ट्रकच्या पायरीवर बांधून पाठवते, असं त्या म्हणाल्या. बटाटे आणि अंड्यांबरोबर परत. दोन दिवस कुणी तुमच्या जवळ येणार नाही, म्हणजे वाईट संगतही टळली.

खोक्याला दोरी आयव्हीने बांधली. गाठ तिची आहे, सुरीने कापू नकोस.

औषधाचा विचार करतोयस हे वाचून बरं वाटलं. बाबा म्हणाले असते, शाबास.

पोटभर जेव.
ताई


हंटिंग्टन
२२ एप्रिल

श्रीमती रेवा स्टिडम यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, पण आपला घेवडा मी तीनदा जेवले आहे. मी फिलिस ट्रेडवे, या घरात आहार शिकवते. पहिलं वाक्य हे, की वेंडेल जिवंत आहे आणि आता बरा आहे. हे पत्र त्याच्या संमतीने लिहिते आहे, त्याला अजून लिहायला बसवत नाही.

तीन आठवडे तो सकाळचं औषध घेतल्यासारखं करून थुंकत होता. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तो छान जेवत होता आणि छान दिसत होता. गुरुवारी दुपारी ओटिसबरोबर कांदे आणायला गेला. दुकानाबाहेर नशेच्या दिवसांतला एक ओळखीचा भेटला. ओटिस पैसे देऊन बाहेर आला तेव्हा वेंडेल गाड्यांच्या मधे पडला होता, ओठ निळे. आमच्याकडे प्रत्येकाच्या खिशात अतिमात्रेवर उतारा म्हणून नाकात मारायचा फवारा असतो. ओटिसने एक मारला, उपयोग झाला नाही. दुसरा मारला, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तोंडाने श्वास देत राहिला. दोन दिवस रुग्णालयात काढून वेंडेल परत आला आहे आणि औषध पुन्हा सुरू झालं आहे.

आपल्याला एक सांगायचं आहे, आणि ते दोष देण्यासाठी नाही. जन्मभर मी अन्नाची बाजू घेतली आहे. अन्नाने झीज भरते, मन स्थिर राहायला मदत होते, दिवसाला आकार येतो. पण ती ओढ थोपवून धरायचं काम त्या औषधाचं आहे, ते माझ्या घेवड्याला जमत नाही आणि आपल्याही नाही. शिवाय मधे खंड पडला की शरीराची सवय मोडलेली असते, आणि पूर्वी पचलेली मात्रा जीव घेते. दोन्ही हवं. एक दुसऱ्याच्या जागी नको.

शुद्धीवर येताना तो तुम्हाला हाक मारत होता.

आपली,
फिलिस ट्रेडवे


लॉरेल फोर्क
२९ एप्रिल

वेंडेल,

आज मायना लिहायला हात धजत नाही.

मी केलं हे. चर्चच्या ओट्यावर ऐकलेलं तुला शहाणपण म्हणून लिहिलं. फिलिसबाईंचं पत्र वाचलं आणि कोंबड्यांच्या खुराड्याशी जाऊन बसले, कारण आयव्ही घरात होती. मग तिला सगळं सांगितलं, माझं पत्रसुद्धा. तिने ऐकून घेतलं आणि मग इतकी ओरडली की मी एक पाऊल मागे सरले. मला म्हणाली की रोज सकाळी ब्लडप्रेशरची गोळी तू का घेतेस, तुझा घेवडा कुठे गेला? बाबांच्या जिभेखालचं औषध तेवढं पाप? गोळी घेतल्यावर मी खारवलेलं मांस खाते, तेही तिने काढलं.

दोन दिवस ती आपलं ताट खोलीत घेऊन जात होती. तिसऱ्या दिवशी तुझा पत्ता मागितला. लिहिलं की नाही माहीत नाही.

ते औषध घे. वर्षभर घे, दहा वर्षं घे, म्हातारा होईपर्यंत घे. मोठी बहीण म्हणून सांगते, आणि या बाबतीत माझं ऐकायचं की नाही ते डॉक्टरांना विचारून ठरव. ओटिसला काय आवडतं ते कळव. त्या माणसाचे पाय धरायचे आहेत, पण आधी त्याला केक पाठवते. साखर घालून.

ताई


हंटिंग्टन
७ मे

ती. रेवाताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तू असं बिनमायन्याचं लिहू नकोस, घाबरायला होतं. सगळं स्वतःवर ओढून घेण्याची तुझी खोड जुनी आहे. मी औषध थुंकलं, तू नाही. कुणाला विचारलं नाही, कारण ते काय म्हणतील ते ठाऊक होतं. तुझं पत्र मला हवी ती सबब होती. तू नसती दिलीस तर मी शोधली असती.

पहिले चार दिवस अन्न बघवत नव्हतं. ओटिस वाटी घेऊन बसायचा. पातळ ओट्स, थोडी काकवी. मी दोन चमचे खाल्ले की तो पुढचे दोन भरायचा, आणि बास्केटबॉलबद्दल बडबडायचा. त्या दाढीला रडू फुटलेलं मी पाहिलं, पण ते लिहू नको म्हणालाय. त्याला पेकानचे दाणे घातलेला केक आवडतो.

आता सकाळी आम्ही सगळे टेबलाशी एकत्रच औषध घेतो, ही माझी कल्पना. जिभेखाली ते विरघळेपर्यंत बोलायचं नाही. आठ बाप्ये पाव तास खाणाखुणांनी भांडतात, कुणाचे मोजे कुणी घातले यावर. मग गुळण्या करायच्या आणि नाश्ता. कुणी थुंकलं तर सात जणांना दिसतं.

नऊ जूनच्या रविवारी घरच्यांना बोलावता येतं. मी कोंबडी, नवे बटाटे आणि मटार करणार आहे. तू ये. आयव्हीला सांग किंवा नको सांगूस, तुला कळतं.

तुझा अजून श्वास घेणारा,
वेंडेल


लॉरेल फोर्क
१३ जून

ती. बाबांस,
आयव्हीचा नमस्कार.

आत्याने सांगितलंय की मायना लिहायचा, म्हणून लिहिला.

रविवारी मी येताना ठरवलं होतं की तुमच्या हातचं काही खायचं नाही. पिशवीत सँडविच होतं. आत्याला ठाऊक नव्हतं. ती वही घेऊन फिलिसबाईंच्या मागे लागली होती. किती मीठ, किती डाळ, कुठलं औषध कशावर. त्या बाईंना जेवायलाही दिलं नाही तिने. ओटिसकाकांना तिने मिठी मारली तेव्हा त्यांचे पाय जमिनीवरून उचलले गेले असं मला वाटलं, आणि ते केवढे आहेत.

तुम्ही माझ्यासमोर ताट ठेवलंत आणि काही बोलला नाहीत. ते बरं केलंत. बोलला असता तर मी उठले असते.

मग तुम्ही समोर बसून जेवलात. मी तेच बघत होते. तुम्हाला वाटलं असेल मी रागाने बघतेय. होतेच थोडी रागावलेली. पण आपल्या जुन्या घरी तुम्ही जेवताना डोळे मिटायचे, मान खाली जायची, आणि तुमचं तोंड सूपमध्ये पडू नये म्हणून मी वाटी सरकवायचे. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. रविवारीही मी वाटी धरायला हात पुढे आणला होता. टेबलाखाली. तुम्हाला दिसला नाही.

तुम्ही सगळं संपवलंत. मग शेजाऱ्याच्या ताटात बघून विचारलंत की ती कोंबडीची तंगडी तो खाणार आहे का. तो नाही म्हणायच्या आत उचललीत. बाबा, तुम्हाला भूक लागली होती. भूक लागलेले तुम्ही कसे दिसता ते मी विसरलेच होते.

माझं ताटही मी संपवलं. सँडविच परत येताना आत्याने खाल्लं.

जुलैत बँडचं शिबिर आहे, तेव्हा जमणार नाही. ऑगस्टमधल्या भेटीच्या रविवारी मी येईन. दोन तंगड्या बाजूला काढून ठेवा, एक माझी.

लोभ सध्या हप्त्याहप्त्याने मिळेल,
आयव्ही