कुंपणाकडची रांग

बाबा, तुमची ती कुंपणाकडची माडांची रांग माझा जीव खाते आहे. नागावची एवढी वाडी मोकळी असताना माड लावायला तुम्हाला शेजाऱ्याच्या अगदी अंगालगतचीच जागा दिसली!

सेंद्रिय सर्टिफिकेटसाठी तीन वर्षं राबतेय. खत कुठलं, रोप कुठलं, सगळं लिहून ठेवायचं. तुम्ही जन्मात औषधाचा पंप हातात धरला नाहीत हे अख्खं गाव सांगेल, पण गावाच्या सांगण्याला तिथे कोण विचारतो? बरं, तेही सगळं कागदावर आणलं. परवा शेवटची तपासणी होती. तपासायला आलेल्या बाई वाडी बघून खूश झाल्या आणि कुंपणाशी येऊन थबकल्या. पलीकडे शेजाऱ्याचा होमस्टे, आणि कडेचं गवत तणनाशकाने करपलेलं. "ही रांग सेंद्रियात धरता येणार नाही. हिचे नारळ वेगळे पाडा, वेगळे ठेवा, साधे म्हणून विका. फवारा आतल्या माडांपर्यंत गेला तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. शेजाऱ्याशी बोललात का?"

काय सांगणार, कपाळ! मला आठवतंय, शेजारची काकी आपला पडलेला नारळ उचलत होती म्हणून मी ओरडले, तर तुम्ही चारचौघांत मलाच झापलंत. "तिच्या अंगनात पडला, तिचा झाला. गप ऱ्हा." वर आणखी दोन सोलून तिला दिलेत. रोज संध्याकाळी तुम्ही त्या कुंपणाला टेकून गप्पा मारताय आणि आई आतून ओरडतेय, जेवण निवतंय म्हणून.

परवा संध्याकाळी तणतणत गेले. होमस्टे आता काकीचा मुलगा चालवतो. म्हटलं, "माझी तीन वर्षं पाण्यात घालतोस काय रे?"

"ताई, मला काय सपान पडतंय? तू कधी बोललीस? उद्यापासून औषध बंद, गवत माणूस लावून बेणून घेतो. लिहून पायजे तर लिहून देतो. बाबा असते तर पहिल्याच दिवशी कुंपणावर येऊन सांगितलं असतं."

झालं! मेल्यावरही तुम्हीच बरोबर. इतका राग आला म्हणून सांगू! भांडायला गेलेली मी, तिथेच कुंपण धरून रडले.

त्या रांगेचे नारळ काल वेगळे पाडून घेतले, विकायला. आत्ता त्यातले चार त्याच्या ओट्यावर ठेवून आले. हे कळलं तर वर बसून मिशीत हसाल, म्हणून पत्र चुलीत घालते आहे.